दोन साडू आणि मागचा सिलिंडर

सख्ख्या बहिणींचे नवरे असलेले ते दोन साडू. थोरला दातांचा डॉक्टर, धाकटा बसगाड्यांच्या बॉड्या बांधणारा. एकमेकांवाचून करमायचं नाही आणि एकमेकांशी पटायचंही नाही. अशा दोघांनी धाकट्याच्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधून पुरं केलं, तेव्हा लोकांना विमानापेक्षा हे दोघं अजून बोलतात याचंच जास्त नवल वाटलं.

विमान उडवणार होती धाकटी बहीण, म्हणजे बॉडीवाल्याची बायको. उडणं हा तिचा पोटाचा धंदाच होता. पिकांवर औषध फवारणारं विमान ती कित्येक वर्षं चालवत आली होती. थोरली बहीण शाळेत मुख्याध्यापिका. तिला सगळेच ताई म्हणत. विमानाच्या कामात तिच्याकडे एकच खातं होतं, दोन्ही साडूंची भांडणं सोडवण्याचं, आणि त्यातून तिला उसंत नव्हती.

तपासणी होऊन परवानगी आली आणि एका स्वच्छ सकाळी गावाबाहेरच्या गवताळ धावपट्टीवरून विमान उडालं. दोन्ही साडू टाचा उंचावून बघत राहिले, जणू तेवढ्यानं त्याला वर जायला मदत होणार होती. पण एक फेरी पुरी व्हायच्या आत धाकटी वळली आणि अलगद खाली उतरली.

“उडतं झकास,” कानावरचा हेडफोन काढत ती म्हणाली. “पण मागचा डावा सिलिंडर तापतोय. काटा तांबड्या रेघेला टेकायला लागला, म्हणून आले.”

त्या इंजिनात गार करायला पाणी नव्हतं. मोटारसायकलच्या इंजिनासारखंच ते वाऱ्यावर गार व्हायचं. विमानाच्या नाकाला दोन भोकं. त्यांतून वारा आत येणार, झाकणाखाली सिलिंडरांच्या वर दाटणार, तिथून सिलिंडरांच्या अंगावरच्या पातळ पात्यांमधून खाली उतरणार आणि जाताना उष्णता घेऊन पोटाखालच्या तोंडातून बाहेर पडणार. पण वारा जातीचा कामचुकार. जरा फट दिसली की इंजिनाला न शिवता तिथूनच पसार. म्हणून इंजिनाभोवती पत्र्याचे आडोसे लावलेले होते. ते धाकट्यानं केले होते. आडोसे आणि झाकण यांच्यात फट राहू नये म्हणून वरच्या कडेला रबराच्या पट्ट्या होत्या. त्या डॉक्टरांनी बसवल्या होत्या.

“नाकाची भोकं लहान पडताहेत,” डॉक्टरांनी निदान केलं.

“नाक माझ्या हातचं आहे. त्याला हात लावायचा नाही,” धाकटा म्हणाला.

“मग वारा काय खिडकीतून येणार?”

शेवटी डॉक्टरांचंच खरं झालं. त्यांनी स्वतः कानस घेऊन भोकं रुंद केली. धाकटा पाठ फिरवून उभा राहिला, जणू त्याच्याच दातांवर कानस चालली होती. दुसऱ्या दिवशी धाकटी पुन्हा उडाली आणि पुन्हा खाली आली. काटा होता तिथंच.

“सांगितलं होतं,” धाकटा म्हणाला. एवढे दोनच शब्द, पण ते डॉक्टरांना झोंबले. एकानं दुसऱ्याचं हस्तकौशल्य काढलं, दुसऱ्यानं पहिल्याची डिग्री काढली, आणि बोलणं बंद झालं.

“ताई, त्यांना म्हणावं, माझा पाना परत द्या,” धाकटा म्हणायचा.

“अहो, ते तुमच्या शेजारीच उभे आहेत.”

“तरी सांगा.”

धाकटीनं हे थोडे दिवस चालवून घेतलं. मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, “इंजिन तापतंय ते मी समजू शकते. तुम्हाला काय झालंय? तुम्ही दोघं गार झाल्याशिवाय मी काही त्यात बसायची नाही.”

त्यानंतरची गोष्ट. दवाखान्यात एका आजोबांची मागची दाढ तपासताना डॉक्टर आरशात बघत होते आणि बघता बघता थबकले. पुढून तोंड कसं स्वच्छ दिसत होतं, आणि कीड लपली होती दाढेच्या पाठीला. आजोबांना वाटेला लावलं, तोच आरसा नीट धुऊन खिशात टाकला आणि दुपारी ते शेडवर पोचले. त्या वेळी साडू बाजारात असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

झाकणाला ऑइल तपासायची छोटी खिडकी होती. तिच्यातून त्यांनी बॅटरीचा उजेड सोडला, आरसा आत घातला आणि तिरका करून मागे पाहिलं. सगळ्यात मागची रबराची पट्टी उलटी दुमडली होती. वाऱ्यानं दाबून झाकणाला चिकटायच्या ऐवजी ती बाहेर वळून वाऱ्याला वाट करून देत होती. आणि पट्टी बसवली होती त्यांनीच.

तेवढ्यात विमानाच्या पोटाखाली काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला. डॉक्टर वाकले. वाकता वाकता खालून वर येणाऱ्या डोक्यावर त्यांचं कपाळ आपटलं.

“तुम्ही?”

“तुम्ही?”

धाकट्याच्या हातात पत्रा कापायची कात्री होती. ती लपवायला जागा नव्हती. “खालचं तोंड मी जरा निमुळतं केलं होतं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “नकाशात रुंद दाखवलंय. पण निमुळतं छान दिसत होतं हो.”

डॉक्टरांनी आरसा पुढे केला. “माझं मागचं रबर उलटं बसलंय.”

“म्हणजे वारा तुमच्याकडून पळून जात होता.”

“आणि जो काही उरत होता, त्याला तुम्ही बाहेर पडू देत नव्हता.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग धाकट्याला हसू फुटलं, डॉक्टरांनाही आवरेना, आणि दोघं कपाळ चोळत, चाकाला टेकून पोट दुखेपर्यंत हसले. “बिचारं इंजिन!” डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. “एवढ्यावरही चालत होतं!”

मग कामाला जोर चढला. नवी पट्टी आतल्या बाजूला कललेली बसवली, म्हणजे वारा जितका दाबेल तितकी ती घट्ट बसणार. खालचं तोंड रुंद करून त्याची कड जराशी खाली वळवली. शेडची दारं लावून अंधार केला, झाकणाखाली दिवा ठेवला, आणि जिथून उजेड झिरपला ती एकेक फट लाल सीलंटनं बुजवली. रुंद केलेल्या भोकांच्या कडा धाकट्यानं आपणहून गोल करून दिल्या. “राहू द्या अशीच,” तो म्हणाला. “आता हसरं दिसतंय.”

पुढच्या उड्डाणाला चौघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टरांनी हातातला रेडिओ तोंडाशी धरला. “काटा?”

“थांबा. चढतेय अजून.”

विमान लहान होत गेलं.

“तांबड्याच्या बराच खाली आहे,” धाकटीचा आवाज आला. “आणि तिथंच मांडी ठोकून बसलाय.”

साडूंनी एकमेकांना मिठी मारली. मग भानावर येऊन दोघांनीही घसा खाकरला. धाकटी मात्र उतरायचं नाव घेईना. एक फेरी, दुसरी फेरी, मग नुसतंच इकडून तिकडे.

“अगं, ये ना खाली!” ताईनं रेडिओ हिसकावून घेतला.

“आज कुठं काही फवारायचं नाहीये, ताई,” वरून उत्तर आलं. “जरा फिरू दे की.”

एकटीनं करायची सगळी उड्डाणं आटोपल्यावर दुसऱ्या माणसाला बसवायची मुभा मिळाली. आता पहिला मान कुणाचा, यावर साडूंची पुन्हा जुंपली.

“तुम्ही बसा. थोरले आहात.”

“छे, छे! बॉडी तुमची, मान तुमचा.”

“वा! मग आरसा कुणाचा होता?”

बराच वेळ चाललं असतं, पण इंजिनाच्या आवाजानं दोघं दचकले. मागच्या सीटवर पट्टा आवळून, डोक्याला रुमाल बांधून ताई बसली होती. तिनं एकदा हात हलवला आणि विमान गवतावरून सुसाट निघालं.

रेडिओतून थोडा वेळ नुसतीच खरखर आली. मग ताईचा आवाज, शाळेच्या मैदानावर पोचेल असा: “अहो, ऐकलंत का? आपल्या घराचं छप्पर किती घाण झालंय! वरून अगदी लाज वाटते!”

दोन्ही साडूंनी मान वर करून पाहिलं.

“शिडी तुमच्याकडे आहे ना?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.