तेविसाव्या वर्षाची ओळ

बाळांनो, क्षणभर असे समजा, की तुमच्या जन्माच्या दिवशीच घरच्यांनी तुमचे पुढचे सगळे ठरवून ठेवले आहे. राहायचे घर, जैतुनाची झाडे, भिंतीवर मांडायच्या ताटल्या, लग्नात गळ्यात घालायची सोन्याच्या नाण्यांची माळ. आता असे समजा, की तुम्ही त्या घरात दुसरी मुलगी म्हणून जन्मलात. तुमच्यासाठी काय ठरवले असेल? काहीच नाही. ग्रीसमधल्या आमच्या बेटावर आईचे सगळे थोरल्या मुलीला जाई, आणि धाकटी थोरलीच्या घरी राबायला जाई. तिला मोलकरीण कोणी म्हणत नसे. म्हणायला ती बहीणच असे.

सेवास्ती अशी धाकटी होती. शेहेचाळीस वर्षांची.

शनिवार होता. अंगणाबाहेरच्या दगडी भट्टीत तिने पहाटेच काटक्या पेटवल्या होत्या. भट्टी चार घरांची मिळून, प्रत्येकीची पाळी ठरलेली. लाकडी काथवटीत मळलेले पीठ कापडाखाली फुगत होते. थोरल्या बहिणीची, सोफिलाची, थोरली मुलगी कॅलिओपी हिचे लग्न आठ दिवसांवर आले होते. लग्नाचे नक्षीदार पाव आजच भाजायचे होते. सेवास्तीचे मनगट गेली दोन वर्षे दुखत होते. कोणाला सांगण्याइतके ते महत्त्वाचे तिला वाटले नव्हते.

जास्तीचे पीठ काढायला तिने रांजणावरचे झाकण उचलले, तर त्याखाली एक कागद निघाला. गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेचे पान, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले. अक्षर एर्नियाचे. एर्निया सोफिलाची धाकटी, बारा वर्षांची.

सेवास्ती दोन इयत्ता शिकली होती. ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागली.

"बारावे वर्ष, बंदराच्या गावात मोठ्या शाळेची परीक्षा. अठरावे, अथेन्सला सुईणीचे शिक्षण. बाविसावे, सुईण होऊन गावात परत. तेविसावे, मावशीला पलंग."

शेवटची ओळ तिने तीनदा वाचली. या घरात सगळे जण पायऱ्या चढून वरच्या लाकडी माचावर झोपत, आपापल्या जागी. सेवास्ती माचाखाली, पिठाच्या रांजणाशेजारी झोपे. सव्वीस वर्षे. आपल्याला वर झोपायला जागा नाही, हे कोणाच्या लक्षात आले असेल असे तिला कधी वाटले नव्हते. खरे तर तिच्या स्वतःच्याही ते लक्षात राहिले नव्हते.

"मावशी! ते माझं आहे!" एर्निया पाण्याची घागर घेऊन दारात उभी होती.

"मग पिठात कशाला ठेवलंस? भाजून निघालं असतं."

"आई रांजणाला कधी हात लावत नाही, म्हणून."

सेवास्तीला हसू आले. "हे असं पुढचं सगळं आखून ठेवायला कोणी शिकवलं गं?"

"शाळेतल्या बाईंनी. त्या म्हणाल्या, आधी पोहोचायचं कुठं ते ठरव, मग एकेक पायरी मागे ये. शेवटी आज काय करायचं ते आपोआप कळतं."

"आणि आज काय करायचंय?"

एर्नियाने परकराच्या खिशातून दुसरा कागद काढला. परीक्षेचा अर्ज. खाली आईच्या सहीची जागा कोरी. "दुपारच्या बोटीनं गेला नाही तर या वर्षीची परीक्षा हुकली. मावशी, वर्ष हुकलं की मी कॅलिओपीच्या घरी. मग संपलंच."

सेवास्तीने काथवटीवरचे कापड उगाच नीट केले. तिलाही एकदा एकाने मागणी घातली होती. बोटी दुरुस्त करणारा होता, हसरा. आई म्हणाली, आधी ताईचं घर लागू दे, मग बघू. ताईचे घर लागले. मग पहिले बाळंतपण आले, मग दुसरे. तो मनुष्य कधी बेट सोडून गेला, तेही तिला नंतर कळले. तिच्या आयुष्याची आखणी कोणी वाईट केली नव्हती. कोणी केलीच नव्हती. 'मग बघू' एवढेच होते, आणि ते फार लांब चालले होते.

सोफिला भरतकाम हातात घेऊनच बाहेर आली. "पीठ आलं का वर?"

"आलंय. ताई, एवढी सही कर."

सोफिलाने अर्ज बघितला. "पुन्हा तेच? अगं, कॅलिओपीच्या घरी कोण राहील? तिचं काय काय ठरलंय, ती पाळण्यात होती तेव्हापासून. कुठल्या पेटीत कुठली चादर, हेसुद्धा मला पाठ आहे. हिच्यासाठी आता ऐनवेळी सगळं मोडायचं?"

"हिच्यासाठी काय ठरवलंस?"

"हिच्यासाठी काय ठरवायचंय? बहिणीकडे राहील. खाईल, पिईल. तुला काय कमी पडलं आमच्याकडे?"

सेवास्ती भट्टीजवळच्या दगडावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बसलीस काय? पाव आकाराला घे ना!"

"नाही घेत."

"म्हणजे?"

"दमले मी, ताई. सही झाली की उठेन."

सोफिलाने काथवटीकडे पाहिले. पीठ काठावर आले होते. थोरली म्हणून वाढलेल्या तिला पीठ कधी हाती घ्यायचे, भट्टीच्या तोंडाचा दगड कोणत्या रंगाला आला की पाव आत सारायचे, काहीच ठाऊक नव्हते. तिने कापड उचलले, पुन्हा ठेवले.

तेवढ्यात डोक्यावर पिठाची फळी घेऊन शेजारची मरिगो आजी आली. पुढची पाळी तिची होती. पाठीवर झोळीत नातू झोपलेला.

"काय गं पोरींनो, भट्टी उघडी टाकून गप्पा? माझं पीठ आंबून जाईल."

"हिला विचारा! माझ्या लेकीच्या लग्नाचे पाव अडवून बसलीय. का, तर धाकटीला सुईण व्हायचंय!"

मरिगोने फळी सावकाश भिंतीवर टेकवली. मागच्या हिवाळ्यात आठ दिवस वादळी वारा थांबला नाही, सुईणीची बोट बंदरातच अडकली, आणि मरिगोची सून बाळंतपणात गेली. ती झोळीतल्या पोराला थोपटत राहिली.

"माझं पीठ आंबू दे," ती म्हणाली. "मी थांबते."

भट्टीतले निखारे बसू लागले. काथवटीच्या कडेवरून पीठ ओघळून खाली आले.

"ही गेली तर तिची कामंही तुझ्याच अंगावर पडतील, सेवास्ती. कळतंय ना?" सोफिलाचा आवाज रडवेला झाला होता.

"कळतंय. या घरातली करीन. कॅलिओपीच्या घरी मात्र मी जाणार नाही, आणि हिलाही जाऊ देणार नाही. ही रीत माझ्यापर्यंत आली तेवढी पुरे."

सोफिलाने एर्नियाच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली आणि सही केली. सही वाकडी आली. कागद तिने मुलीच्या हातात दिला नाही, भिंतीवर ठेवला आणि आत निघून गेली. तिलाही लहानपणी कोणी विचारले नव्हतेच.

सेवास्ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने निखारे सारखे केले, मूठभर काटक्या टाकल्या, उतू गेलेले पीठ पुन्हा गोळा केले. एर्निया अर्ज बाईंकडे पोचवून धापा टाकत परत आली, तेव्हा पाव आत होते.

"मावशी, पोचला! बोटीच्या थैलीत टाकला!"

"बरं झालं." सेवास्तीने दिनदर्शिकेचे पान तिच्या हाती दिले. "हे सांभाळ. फक्त तो पलंग... तू तेवीस वर्षांची होशील तेव्हा मी सत्तावन्नची असेन. तोवर माझ्या पाठीला जमिनीची इतकी सवय झालेली असेल, की वर झोपच यायची नाही." ती सहज, थट्टेने म्हणाली होती.

एर्निया कागदाकडे बघत राहिली. सगळ्यांनी मावशीला सगळ्यात शेवटी ठेवले होते. तिनेही ठेवले होते.

तिने शेवटची ओळ खोडली आणि पानाच्या अगदी वर, बाराव्या वर्षाच्याही आधी, 'आज' असे लिहिले. मग ती घरात गेली. पिठाच्या रांजणाशेजारची मावशीची वळकटी तिने डोक्यावर घेतली, आणि भरतकाम करत बसलेल्या आईसमोरून, एकेक पायरी चढत, ती माचावर आपल्या जागी नेऊन अंथरली.