लाकडी पायांचं विष

चपलांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबे तसेच ठेवून सगळे पाणीबाबांच्या टबापुढे रांगेत उभे होते. माणसानं पाय टबात ठेवले की बाबा मंतरलेलं मीठ टाकत आणि टबातल्या यंत्राचं बटण दाबत. दहा मिनिटांत स्वच्छ पाणी तांबूस व्हायचं.

"हे तुमच्या यकृतातलं विष!" बाबा सांगायचे. यकृतातून तळपायापर्यंत ते कुठल्या वाटेनं येतं, हे कुणी विचारत नव्हतं.

माझी ताई तिथे शिलाई मशीनवर कामाला. तिसऱ्यांदा पाणी तांबूस झालं आणि तिनं मधुमेहाचं इन्सुलिन बंद केलं. "विष गेलं, आता सुई कशाला?" मी डॉक्टर, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला. कारखान्यात जाऊन वीज, क्षार आणि लोह यांवर पाऊण तास व्याख्यान दिलं. पालथ्या घड्यावर पाणी! पुढच्या बाकावरच्या मावशी तर चक्क घोरल्या.

ते व्याख्यान कान देऊन ऐकलं एकट्या साचेवाल्या काकांनी. दुसऱ्या दिवशी माझ्यादेखत ते रांगेतून पुढे आले, पिशवीतून ज्यांवर चपला बेततात ते साच्याचे दोन लाकडी पाय काढले आणि टबात सोडले. तरंगायला लागले म्हणून काठीनं दाबून धरले.

"हे काय?" बाबा ओरडले.

"हे डावा-उजवा, सख्खे भाऊ," काकांनी मीठ टाकून बटण दाबलं. "वीस वर्षं माझ्याकडे आहेत. अन्नाचा कण नाही, कसलं व्यसन नाही. एकदा डाव्याला वाटलं, आपलं यकृत बिघडलंय."

"मग?" मावशी पुढे सरकल्या.

"उजवा म्हणाला, चल बाबांकडे."

"मग?" हे ताईनं विचारलं. माझ्या व्याख्यानात हा प्रश्न एकदाही आला नव्हता.

काकांच्या गोष्टीत दहा मिनिटं दोघा भावांची भांडणं रंगली. तोवर पाणी तांबूस झालं.

"यंत्रात लोखंडी पट्ट्या आहेत," काका म्हणाले. "मिठाच्या पाण्यात वीज सोडली की त्या भराभर गंजतात. हा त्या गंजाचा रंग. पाय असोत, नसोत."

"लाकडालाही आत्मा असतो!" बाबा गरजले.

"असेल. यकृत नसतं," ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "माझं इन्सुलिन कुठंय?"

तिची साखर चारशे बारा निघाली. आणखी आठवडा गेला असता तर ही गोष्ट सांगायची ताकद माझ्यात उरली नसती.

चमत्काराला नमस्कार करण्याआधी टब एकदा पायांशिवाय चालवून बघा. आणि माझ्यासारख्या शहाण्यांनो, समोरचा "मग?" म्हणेपर्यंत पुढचं वाक्य बोलू नका.