पिशव्यांची वाट

“आधीच सांगते, माझ्याकडे जागा नाही. उतरवूच नका,” तराजूचं पारडं पुसता पुसता दुकानवाल्या बाई म्हणाल्या.

टेम्पोवाला खांद्यावरचा गठ्ठा तसाच धरून दारात थबकला. सकाळपासूनचं हे सातवं दुकान. धान्य साठवायच्या हवाबंद पिशव्या घेऊन तो गावोगाव हिंडत होता आणि सगळीकडे एकच रड होती. शेतकरी विचारत नाहीत म्हणून दुकानदार ठेवत नाहीत, आणि दुकानात दिसत नाहीत म्हणून शेतकरी विचारत नाहीत.

“ठेवू नका. पण एक बघून तर घ्या,” तो म्हणाला. “पाणी पिईपर्यंत.”

पाण्याला नाही म्हणणं बाईंना जमलं नाही. तांब्या त्याच्यासमोर ठेवून त्या स्टुलावर बसल्या. त्याने पिशवी उलगडली. बाहेर साधं पोतं, आत जाड प्लॅस्टिकचे दोन थर. धान्य भरायचं, तोंड पिळायचं, दुमडायचं, सुतळीने आवळायचं. हवा मिळाली नाही की आतला किडा गुदमरून मरतो. पावडर नको, गोळ्या नकोत.

“आणि प्लॅस्टिकला भोक असलं तर?”

हा प्रश्न आधीच्या सहा दुकानांत कुणी विचारला नव्हता. त्याने आतली पिशवी झटकून हवेने फुगवली, तोंड पिळून धरलं आणि काउंटरवर ठेवली. “कान लावा. हवा जात असली तर आवाज येईल.”

बाईंनी चष्मा काढून कान टेकवला. दुसऱ्या बाजूने त्यानेही टेकवला. मध्ये फुगलेली पिशवी, आणि दोन्हीकडे दोन पिकली डोकी. आवाज काही येत नव्हता. तरी कुणीच डोकं उचललं नाही. शेवटी बाईंनाच हसू फुटलं. “उठा आता, गिऱ्हाईक आलं तर म्हणेल, काय चाललंय काय यांचं!”

मग त्यांनी आतून घरची चवळी आणली. भुंगे तुरुतुरु फिरत होते तिच्यात. ती पिशवीत भरून त्यांनी स्वतः गाठ मारली. “सहा महिन्यांनी गावासमोर उघडायची. एक जरी जिवंत निघाला, तर पुन्हा या दारात दिसायचं नाही.”

“आणि नाही निघाला तर?”

“तर बघू,” बाई म्हणाल्या.

तेव्हापासून दर दुसऱ्या गुरुवारी तो त्या गावाला जाऊ लागला. पिशवीवर नजर ठेवायला हवी, असं गोदामातल्या साहेबांना सांगून. त्या दिवशी दाढी घोटून व्हायची, शर्टाला इस्त्री व्हायची. “बाबा, गुरुवारी कुणाचं लग्न असतं का?” असं सुनेने एकदा विचारलंही. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बाईंचे यजमान जाऊन नऊ.

सारं गाव बाईंना काकी म्हणे. त्याच्याने ते होईना, कारण वयाने दोघं बरोबरीची. वहिनी म्हणावं, तर जो माणूस कधी पाहिला नाही त्याला भाऊ मानणं आलं. ताई म्हणायला तर जीभ उचलतच नव्हती. म्हणून तो “अहो”वर भागवायचा, तेही खाली मान घालून. आपण त्यांना कशानेच हाक मारत नाही, हे त्यांना कळलंय का, याचा विचार करत परतीचा रस्ता संपायचा.

सहा महिन्यांनी, घराघरातलं धान्य तळाला गेलं होतं अशा दिवसांत, पिशवी उघडली. दुकानापुढे पन्नासेक माणसं जमली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कोपरापर्यंत हात घालून मूठभर चवळी काढली आणि तळहातावर पसरून फुंकर मारली. वाळलेले भुंगे भुशासारखे उडून गेले. त्याने एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट असा आवाज आला.

“काकी,” म्हातारा म्हणाला, “मला चार दे.”

संध्याकाळपर्यंत टेम्पो रिकामा झाला. बाई टेम्पोवाल्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, “जिंकलात!” तो शब्द त्याला पुढे कितीतरी गुरुवार पुरला.

खरी अडचण सुगीत आली. मका घरात आला तशी सहा गावांची माणसं काकींच्या दारात उभी राहिली. टेम्पोतला माल दोन दिवसांत संपला. पुढची खेप यायला बारा दिवस होते. तोवर धान्य उघड्यावर ठेवण्यापेक्षा लोकांनी मिळेल त्या भावाने विकून टाकलं. एक बाई तर आठ मैल चालत आली आणि रिकामं पोतं काखेत मारून तशीच माघारी गेली.

“तुम्ही येता ते बरं वाटतं हो,” काकी म्हणाल्या, “पण तुमचा टेम्पो पुरत नाही.”

हे त्यालाही दिसत होतं. त्यानेच गोदामात जाऊन साहेबांच्या कानीकपाळी ओरडायला सुरुवात केली. वर्षभराने साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. “ठरलं. सुगीआधी गोदामातून थेट मोठा ट्रक जाईल. त्या भागात एकच मोठं दुकान नेमायचं, बाकीच्यांनी तिथून माल न्यायचा. फाट्यावरचा खतवाला, नाहीतर त्या तुमच्या काकी. खतवाला घेतला, तर फाटा गावांपासून लांब, म्हणून तिथून पुढच्या गावांना तुम्ही टेम्पोने माल पोचवाल, आतासारखाच. काकी घेतल्या, तर सगळी गावं त्यांच्या दुकानाभोवतीच, त्या रस्त्याला टेम्पोची गरजच नाही. तुम्हाला डोंगरापलीकडे पाठवू. तिकडे अजून कुणी पिशवी पाहिलेली नाही. बोला, कुणाचं नाव लिहू?”

खतवाल्याचं गोदाम मोठं होतं, हे अगदी खरं. तेवढं म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. पण खतवाला पिशव्या पोत्यांमागे टाकणार आणि कुणी विचारलं तर मान हलवणार. काकी एखाद्या गावाला माल कमी पडला तर स्वतः निरोप धाडायच्या. ती आठ मैल चालत आलेली बाई त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

“काकी,” तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला होता, आणि तोही साहेबांच्या टेबलापुढे.

शेवटच्या गुरुवारी तो गेला तेव्हा काकींनी मागची खोली रिकामी केली होती. जमिनीवर फळ्या टाकल्या होत्या, बिळं बुजवली होती. सगळं दाखवताना त्या लहान मुलीसारख्या पुढे पुढे धावत होत्या.

“तुम्हीच नाव सुचवलंत ना माझं? साहेब म्हणाले.”

“तुमच्याकडे उंदीर नाहीत.”

“एवढंच?”

येताना रस्ताभर त्याने एक वाक्य जुळवलं होतं. ते ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात दोन बाया पिशव्या मागत आत शिरल्या. “थांबा हं, जाऊ नका,” असं म्हणून काकी त्यांना तोंड कसं पिळायचं ते दाखवू लागल्या. त्यांच्यामागून आणखी तिघं आले. तो तासभर भिंतीला टेकून उभा राहिला. रस्त्यात त्याचा टेम्पो कुणाला तरी आडवा येत होता, हॉर्नवर हॉर्न वाजत होते. अखेर तो बाहेर पडला.

टेम्पो सुरू झाल्याचं ऐकून काकी सुतळीचं बंडल हातात घेऊन पायरीवर आल्या. “अहो, येत जा की कधीतरी. कामाशिवाय.”

“येईन.”

डोंगरापलीकडून इकडे यायला दीड दिवस लागतो, हे दोघांनाही माहीत होतं.

सुगीच्या तोंडावर एका सकाळी गोदामाच्या आवारात ट्रक भरून उभा राहिला. ट्रक ड्रायव्हर नवा होता. डोंगरापलीकडचा माल भरत असलेल्या टेम्पोवाल्याला त्याने रस्ता विचारला.

“फाटा सोडून डावीकडे,” टेम्पोवाला म्हणाला. “पुढच्या पुलाचा कठडा तुटलाय, तिथे जपून. मग चढ. दुसऱ्या गिअरमध्येच घ्या, मध्ये बदलू नका. चढ संपला की शाळेची भिंत लागते. भिंत सरली की निळं दार दिसेल. दुपारी त्या आत जेवत असतात. घाई करू नका, जेवू द्या.”

“पाठ आहे की तुम्हाला सगळं!” ड्रायव्हर हसून वर चढला.

टेम्पोवाल्याने ताडपत्रीची सैल झालेली दोरी ओढून आवळली. आवार अरुंद होतं, ट्रक मागे घेऊनच बाहेर काढावा लागणार होता. तो फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि हात वर करून ट्रकला वाट दाखवू लागला. “येऊ द्या… येऊ द्या… अजून येऊ द्या… बस. निघा आता.”