घरच्या पातेल्यातल्या शेंगा

आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर मोठा मोबाइल घेतला आणि आमच्या घरातून एकेक पदार्थ बाहेर पडायला लागला. आधी दूध गेलं, कारण त्यात युरिया असतो म्हणे. मग अंडी गेली, कोंबडी गेली, इंदापूरच्या बाजारातली चकचकीत वांगी गेली. कलिंगडाला तर सुईचं भोक शोधत बसायचे, चष्मा लावून. बाजारातल्या बायका त्यांना लांबून बघूनच हसायच्या आणि मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, त्या बायकांपुढं मान खाली घालून उभी.

मग ह्यांचं वजन उतरलं. आमची करुणा पुण्यात आहारतज्ज्ञ आहे. तिनं वडिलांना दम भरला, की मटण-अंडी नको तर नको, पण डाळी-कडधान्यं दोन्ही वेळा पोटात गेली पाहिजेत, नाहीतर प्रोटीन येणार कुठून? ह्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तुरीवर संशय घेतला.

तूर आमच्याकडं कन्हेरीहून येते, सर्जेरावांच्या शेतातली. सर्जेराव आणि आमचे हे, म्हणजे बुद्धघोष, बारामतीच्या शाळेपासूनचे मित्र. दिवाळीत सर्जेरावांनी तूर फुलावर आल्याचं कौतुकानं सांगायला फोन केला. ह्यांनी विचारलं, फवारणी किती केलीस? वर म्हणाले, तसली असेल तर यंदा डाळ पाठवू नकोस. पलीकडून फोन बंद झाला, तो बंदच.

मला खरं सांगायचं तर भयंकर राग आला होता. पण रोज संध्याकाळी हा माणूस मोबाइलवर सर्जेरावांचं नाव काढायचा, बघत राहायचा आणि मोबाइल ठेवून द्यायचा. ते बघवेना. एवढी जुनी मैत्री एका फवाऱ्यापायी जाणार असेल, तर आपण काय कामाचे? शेवटी मीच सर्जेरावांच्या नव्या सुनेला, राजेश्वरीला फोन लावला. पोरगी गोड. तिनं लगेच तुरीच्या उकडलेल्या शेंगा खायला बोलावलं.

जानेवारीतल्या एका रविवारी निघालो. हे मित्राच्या घरी जाताना पिशवीत स्वतःचा डबा घेऊन निघाले होते. बारामतीच्या स्टँडवर ते पाणी प्यायला गेले, तेवढ्यात मी तो डबा शेजारी बसलेल्या म्हातारीला देऊन टाकला. पुढं रिक्षात कन्हेरीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

सर्जेरावांचं घर शेतातच. "या," म्हणाले आणि एसटीच्या गर्दीबद्दल माझ्याशीच बोलत बसले. दोघं मित्र ओट्यावर शेजारी बसून समोरच्या उसाकडं बघत होते. राजेश्वरीनं परातभर वाफाळत्या शेंगा आणून ठेवल्या. हिरव्यागार, भरलेल्या, एकीवर डाग नाही. ह्यांनी एक शेंग उचलली, फिरवून फिरवून बघितली आणि परत ठेवली.

सर्जेरावांचा चेहरा पडला. "खा की. इख न्हाय घातलं."

ह्यांची नजर अंगणात गेली होती. तिथं तीन दगडांच्या चुलीवर दुसरं पातेलं होतं आणि द्वारकाबाई, म्हणजे सर्जेरावांची बायको, त्यातल्या शेंगा सोलून खात होत्या. आमची परात वेगळी, त्यांचं पातेलं वेगळं. ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि तो का उतरला ते मला कळलं. लहानपणी गावातल्या काही घरांत ह्यांच्यासाठी वळचणीला वेगळा कप ठेवलेला असे. लग्नानंतर त्यांनी ते मला एकदाच सांगितलं होतं. मी कपाळाला हात लावायची तेवढी बाकी होते. मैत्री जोडायला आले मी आणि उरलंसुरलंही मोडून बसले.

"राजेश्वरी," हे अगदी हळू म्हणाले, "ते दुसरं पातेलं कुणाचं?"

ती बिचारी लाजून लाल झाली. "काका, ते घरचं हाय. बांधाकडंच्या दोन सऱ्या आमी फवारत न्हाय, घरी खायला ठेवतो. पर त्यात अळ्या निघत्यात. पावण्याम्होरं किडकं कसं ठेवायचं? म्हणून तुमच्यासाठी बाजाराला जायच्या रानातल्या निवडून आणल्या."

मला हसू आवरेना. जगभरातलं विष टाळत हा माणूस इथवर आला आणि मानाचं म्हणून नेमकं फवारलेलंच पुढ्यात आलं.

सर्जेराव मात्र हसले नाहीत. "अगं, ह्यो पावणा कवा झाला?" ते सुनेला म्हणाले. मग ह्यांच्याकडं वळले. "आजवर तुला धाडली ती डाळ त्याच दोन सऱ्यांतली, घोष. बाजारची तुला कवा दिली न्हाय. तू इचारलंस तवा लई लागलं रं. घरच्यानं असं इचारायचं व्हय?"

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगाच कशाला लपवू. ते उठले, अंगणात गेले आणि द्वारकाबाईंच्या शेजारी मातीतच बसले. पहिल्याच शेंगेत अळी निघाली. ती बोटानं बाजूला सारून त्यांनी दाणे तोंडात टाकले, चावले, आणि म्हणाले, "वैनी, मीठ कमी पडलंय."

पाहुणा माणूस असं कधी बोलत नाही. सर्जेराव ओट्यावर खो खो हसत सुटले.

द्वारकाबाईंनी शेंगेवरची नजरसुद्धा वर केली नाही. "मग उठून घ्या की, भाऊजी. चुलीमागच्या फळीवर हाय."

आणि आमचे हे उठले, चपला दारात काढल्या आणि सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले.