झेंड्याच्या दोरीचा मान

आमच्या क्लस्टरमध्ये सात मराठी शाळा होत्या आणि पहिली सोडली तर त्यातली एकही शिक्षणाच्या ओढीनं निघालेली नव्हती. सगळ्या रुसव्याफुगव्यातून निघाल्या. क्लस्टर म्हणजे शिक्षण खात्यानं कारभाराच्या सोयीसाठी एकत्र बांधलेल्या आसपासच्या गावच्या शाळा. खानापूरच्या ऑफिसात भिंतीवर नकाशा आहे, त्यात या साती शाळा लाल टिकल्यांनी दाखवल्यात. नवा कुणी साहेब आला की नकाशाकडे बघून म्हणतो, वा, केवढी वाढ!

वाढ झाली ती अशी. मूळ शाळा एकच, चिंचगाळीची. आधी रवळनाथाच्या देवळाच्या पडवीत भरायची, मग तिला मंगळुरी कौलांच्या खोल्या मिळाल्या. सगळ्या वाड्यांची पोरं तिथंच यायची. मग एका लग्नाच्या पंगतीत कुणाला तरी मागाहून वाढलं, तेवढ्यावरून एक वाडी फुटली आणि तिनं आपली शाळा मागितली. दुसऱ्या वाडीच्या पोराला मास्तरानं थोबाडीत दिली, ती वाडी फुटली. देवाच्या मानपानासाठी जशी गावं भांडतात, तशी आमची गावं शाळेवरून भांडली आणि खात्याला वाटलं, लोकांना शिकायची केवढी हौस!

कातळवाडीची गोष्ट या सगळ्यांवर ताण आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका पंधरा ऑगस्टला पाऊस एवढा होता की झेंडावंदनाला यायचा साहेब वाटेतच अडकला. दोरी कुणी ओढायची? चिंचगाळीचे पाटील म्हणाले, शाळा आमच्या गावची. कातळवाडीवाले म्हणाले, खांब आमच्या रानातला, आमच्या किंदळाच्या झाडाचा. पाटलांनी वाद घालता घालता दोरी ओढून टाकली. त्याच दिवशी कातळवाडीच्या माणसांनी झेंडा नीट उतरवून, घडी घालून हेडमास्तरांच्या हातात दिला, मग खांब मुळापासून उकरला, खांद्यावर घेतला आणि ओढा ओलांडून आपल्या अंगणात नेऊन रोवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची पोरं त्या खांबाभोवती बसायला लागली. शाळा खात्यानं नंतर दिली. खांब आधी आला.

चिंचगाळीनं मग लोखंडी पाइप रोवला. तो अजून आहे, गंजका. त्याच पाइपाच्या शाळेत मी शिकवते. माझं नाव समता. मी निपाणीची.

गेल्या काही वर्षांत दोन्ही शाळांत मिळून एक वर्ग नीट भरेना. माणसं बेळगावला गेली, उरलेल्यांची पोरं सकाळी इंग्लिश शाळेच्या व्हॅनमध्ये बसून खानापूरला जातात. चिंचगाळीला मी एकटी, कातळवाडीला नागोजी सर एकटे. मधे ओढा, आणि ओढ्यावर आता चांगला सिमेंटचा पूल आहे. पुलावरून म्हशी ये-जा करायच्या. पोरं करत नव्हती.

माझ्या बदलीचा आदेश येऊन वर्ष झालं होतं. निपाणीजवळची शाळा, घरापासून चालत जाण्याइतकी. आदेश पर्समध्ये होता आणि मी चिंचगाळीत. खानापूरच्या कानडी साहेबांकडे किती खेटे घातले! ते दर वेळी चहा मागवत आणि तेच सांगत.

“नोडी मॅडम, बघा, तुम्ही गेलात की शाळेत शिक्षक शून्य. बदली माणूस आला की त्याच दिवशी सोडतो.”

बदली माणूस येणार कुठून? कर्नाटकात मराठीचे शिक्षक भरतंय कोण? म्हणजे मी चांगली शिकवते म्हणून अडकले नव्हते, वाईट शिकवते म्हणूनही नव्हते. मी गेले तर एक खुर्ची रिकामी होईल, एवढ्यासाठी अडकले होते. या गोष्टीचा मला इतका संताप यायचा की वर्गात खडू मोडायचे.

माझी मुलगी आरोही निपाणीत माझ्या आईजवळ, कोंडाबाईजवळ वाढत होती. नवरा भीमरत्न पुण्याला कंपनीत. मी खानापुरात खोली घेऊन राहायचे. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की बेळगावमार्गे निपाणी गाठायची आणि रविवारी दुपारी परत निघायचं. रविवारी जेवणं झाली की आरोही माझ्या चपला लपवायची. कधी तांदळाच्या डब्यात, कधी गादीखाली. मी रागवायचे, मग शोधायचे, मग अनवाणीच दारात उभी राहून रडायचे. जूनमध्ये ती पहिलीला जाणार होती. घराजवळच्या इंग्लिश शाळेत तिची जागा धरून ठेवली होती. तिला पहिल्या दिवशी हाताला धरून मी न्यायची, एवढंच मला हवं होतं. गावातली माणसं विचारायची, “बाई, तुमची पोरगी कुठल्या शाळंत घालनार?” मी विषय बदलायचे.

शेवटी साहेबांनीच वाट दाखवली. दोन्ही शाळा एक झाल्या तर एक शिक्षक जादा ठरतो. जादा शिक्षकाला लगेच सोडता येतं. फक्त दोन्ही गावांच्या शाळा समित्यांनी संमती द्यायला हवी.

नागोजी सरांना मी विचारलं. त्यांचं घर शेजारच्याच गावात, निवृत्ती जवळ आलेली. ते म्हणाले, “मी कशाला हलतोय हितनं? तुमीच जावा बाई, पोरगी ल्हान हाय तुमची. मी बघतो दोन्ही गावची पोरं.”

म्हणजे सगळ्यांचं भलं. राहता राहिली ती दोन गावं.

चिंचगाळीच्या समितीचे अध्यक्ष रवळूआप्पा, त्या दोरी ओढणाऱ्या पाटलांचे चिरंजीव. कातळवाडीचे यल्लाप्पाअण्णा, खांबाचं पुढचं टोक ज्यांच्या खांद्यावर होतं त्यांचे. दिवाळीपासून माघापर्यंत मी या दोघांच्या उंबऱ्यांवर चपला झिजवल्या. शाळा एक व्हायला दोघांची ना नव्हती. पोरं कमी झाली हे दोघांनाही दिसत होतं. अडत होतं दोरीशी.

“खांब देतो की परत,” यल्लाप्पाअण्णा म्हणाले, “पर दोरी आमची.”

“खांब घेतो,” रवळूआप्पा म्हणाले, “पर शाळा आमच्यात आली मंजे दोरी आमचीच न्हवं का?”

मी म्हटलं, पाळीपाळीनं ओढा. तर ऑगस्ट मोठा की जानेवारी मोठा यावर वाद. म्हटलं, साहेबांना ओढू दे. तर दोघंही माझ्यावर तुटून पडले. साहेब दर दोन वर्षांनी बदलतो, मग मान कुणाच्या घरात राहायचा? मानाला घर लागतं. देवाची पालखी असो की शाळेचा झेंडा, एकदा मान दिला की तो घराण्याचा. आणि मानकऱ्यानं मान सोडून गाव सोडायचं नाही, ही इथली रीत. हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर पुढं झालं ते माझंच करणं.

शेवटची बैठक पुलावर घ्यायची ठरली, कारण कुणीच कुणाच्या गावात जाईना. अर्धी माणसं या कठड्याला, अर्धी त्या कठड्याला. मधे मी आणि नागोजी सर. ऊन चढलं तरी गाडं तिथंच. पणजोबांपर्यंत गेले, पंगतीपर्यंत गेले, किंदळाच्या झाडापर्यंत गेले. माझ्या डोळ्यांसमोर तांदळाच्या डब्यातल्या चपला यायला लागल्या. आणि माझा तोल गेला.

“तुमच्या दोरीपायी माझी पोर माझ्यावाचून वाढतेय!” मी ओरडले. “दोघांना एकमेकांना द्यायची नाही ना? मग द्या माझ्या हातात आणि गप्प बसा एकदाचे!”

रवळूआप्पांनी यल्लाप्पाअण्णांकडे बघितलं. यल्लाप्पाअण्णांनी टोपी काढून परत घातली.

“द्या की,” ते म्हणाले. “बाई ना तुमच्यातली, ना आमच्यातली.”

“व्हय की,” रवळूआप्पा म्हणाले. “हे आदी कसं सुचलं न्हाय?”

माणसं उठली, एकमेकांना मिठ्या मारायला लागली. कुणीतरी नारळ आणायला पळालं. मी म्हणत होते, अहो, मी रागानं बोलले, मी जाणार आहे, माझी बदली झालीय. कुणाच्या कानातच शिरेना. नागोजी सर तेवढे माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. आम्हा दोघांचंही काय झालं ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

दोन्ही गावांनी मिळून रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. मी बुद्धाला मानणारी, देवळाबाहेर पायरीवर उभी. आतून आवाज येत होता. “देवा म्हाराजा, दोनी गावं एक केलीस, आता बाईस्नी हितनं हलवू नगो.” सगळे एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणाले.

देवाचं मला भय नव्हतं. संमतीपत्रांचं होतं. दोन्ही समित्यांनी एकच अट घातली, झेंड्याची मानकरी समता बाई याच शाळेत राहील. साहेब खूश. “आयतु, आयतु! झालं की काम! इतक्या वर्षांचं भांडण मिटवलंत मॅडम! गाव खूश तर खातं खूश.” जादा ठरले नागोजी सर. त्यांना सांबऱ्याला पाठवलं, घरापासून दोन बस लांब. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला एवढंच म्हटलं, “बाई, पायपावर पोरं चढत्यात, तेवढं बघा.” मला मान वर करवेना.

मी ठरवलं, मान नाकारायचा. राजीनामा द्यायची पाळी आली तरी बेहत्तर. तसं आईला फोनवर सांगितलं. कोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“दोन गावं तुज्या हातात दोरी देत्यात?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“आपली जात ठावं हाय त्यास्नी?”

“व्हय गं आई.”

“तुज्या आज्जाला चावडीची पायरी चडू दिली न्हाय कुनी. मी शाळंत झेंडावंदनाला गेले तर भिताडाकडंला हुबी ऱ्हायाची. सोडू नगंस ती दोरी, समता. तुला माजी आन हाय.”

“आणि आरोही?”

“तिला घिऊन येतो मी. तितंच घाल शाळंत.”

त्या दिवशी मी फोन ठेवला आणि भिंतीशी बसून राहिले. साहेबांशी भांडता आलं असतं, गावाशी आलं असतं. आईच्या त्या रडक्या, आनंदी आवाजाशी कसं भांडायचं? आणि खोटं कशाला बोलू, तिचं बोलणं ऐकून माझीही छाती भरून आली होती. म्हणूनच जास्त गुदमरले.

जूनमध्ये निपाणीजवळची माझ्या बदलीची जागा दुसऱ्या शिक्षकाला गेली. आरोहीला मी हाताला धरूनच शाळेत नेलं, चिंचगाळीच्या. गावाला केवढा आनंद! बाईंची पोरगी आमच्या शाळेत आली म्हटल्यावर दोन घरांनी व्हॅन बंद करून आपली पोरं परत धाडली. साहेबांनी ऑफिसातल्या नकाशावरची आमची टिकली मोठी केली.

पंधरा ऑगस्टला पाऊस थांबला होता. किंदळाचा खांब तेल पाजून पुन्हा पहिल्या जागी उभा केला होता. पहिल्या रांगेत खुर्चीवर माझी आई बसली होती, रवळूआप्पा आणि यल्लाप्पाअण्णांच्या मधे, पांढरं लुगडं नेसून, पाय जुळवून. आयुष्यात पहिल्यांदा ती झेंडावंदनाला बसली होती. मी दोरीला हात घातला तशी मात्र सगळ्यांच्या आधी उठली. मी दोरी ओढली. फुलं पडली. दोन गावांनी टाळ्या वाजवल्या.

मग यल्लाप्पाअण्णांनी आरोहीला पोरांच्या रांगेतून उचललं आणि खांबाजवळ आणून उभं केलं.

“बाईंच्या माघारी हिचा मान,” ते मोठ्यानं म्हणाले. “हिच्या माघारी हिच्या लेकरांचा. बोला, कबूल?”

“कबूल!” दोन्ही गावं म्हणाली. आईचा आवाज त्यात वेगळा ऐकू आला.

आरोहीनं दोरी घट्ट धरली होती. तिला खेळ वाटला. मी वाकले आणि तिची बोटं एकेक करून सोडवायला लागले. लोकांना वाटलं, मी तिला दोरी धरायला शिकवतेय. टाळ्या आणखी वाढल्या.