इस्त्रीतला अभ्रक

इस्त्री तापली की तिचा दिवा आपोआप विझतो. तो विझवतं कोण, हा प्रश्न अकरा वर्षांच्या संघप्रियाला कधीचा छळत होता. शेवटी तिचा बाबा धम्मपाल वैतागून म्हणाला, उघड एकदाची. पण पूर्वीसारखी चालली नाही, तर यापुढे घरातल्या एकाही वस्तूला पेचकस लावायचा नाही.

रविवारी सकाळी नेरुळच्या फ्लॅटमध्ये वर्तमानपत्र अंथरलं गेलं. शेजारी आजी शकुबाई येऊन बसली. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात एकोणीस वर्षं तिने इस्त्र्याच जोडल्या होत्या. आज मात्र हात मांडीवरून हलवायचे नाहीत, असं तिने ठरवलं होतं.

उत्तर लवकर सापडलं. आत दोन धातूंची चिकटलेली पट्टी होती. आजीने गरम उलथनं तिला टेकवायला सांगितलं. एक धातू जास्त फुगला, दुसरा कमी. पट्टी वाकली, टोक सुटलं आणि 'टक' वाजलं; तिथेच वीज तुटत होती. संघप्रियाने ते सहा वेळा करून पाहिलं.

मग जोडणी झाली, शेवटचा स्क्रू बसला. अभ्रकाचा एक पातळ तुकडा मात्र वर्तमानपत्राच्या घडीत राहिला होता. शकुबाईने तो केव्हाच पाहिला होता. सांगायचं अगदी ओठांवर आलं, ते तिने गिळलं आणि प्लग स्वतःकडे ओढून घेतला.

"आमच्या लाइनीत आधी बोलून दाखवायचं, मग करंट. वीज कुठून कुठे जाते ते सांग."

संघप्रिया बोट फिरवू लागली. वायर, पट्टी, तापणारी तार, परत वायर.

"आणि खालच्या लोखंडात का नाही जात?"

"मध्ये अभ्रक आहे ना. तारेच्या वर एक, खाली..."

बोट थांबलं. तिने कागद उचलून झटकला. चमकता पापुद्रा फरशीवर पडला.

"आजी, तू बघितलं होतंस?"

"हो."

"मग सांगायचं ना!"

"तू सांगत होतीस की."

न कुरकुरता संघप्रियाने सगळे स्क्रू पुन्हा काढले, अभ्रक जागेवर ठेवला आणि इस्त्री परत जोडली. या वेळी आजीने तिला बॅटरीवरच्या बल्बची एक वायर प्लगमधल्या विजेच्या पिनेला आणि दुसरी इस्त्रीच्या तळाला लावायला सांगितली. बल्ब पेटला नाही, म्हणजे वीज तळात उतरत नव्हती. मगच करंट दिला. इस्त्री तापली, दिवा विझला.

धम्मपालने शर्टावर इस्त्री फिरवली आणि हसत विचारलं, "आई, शेवटी तूच जोडलीस ना?"

शकुबाईने आपले स्वच्छ तळवे त्याच्यापुढे धरले. मग त्याने लेकीची काळी बोटं पाहिली आणि स्वयंपाकघरातला, चालता चालता बंद पडणारा मिक्सर आणून तिच्यापुढे ठेवला.

शकुबाईने ही हकिगत आठवडाभर सोसायटीत सांगितली. इस्त्री चालली हे एका वाक्यात; अभ्रक कसा सापडला, ते मात्र अगदी रंगवून.