पाणी पिणारी धरणी

खाडीकाठच्या उलव्यातल्या त्या रो-हाउसच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे मोबाइल वर. अंगणात दोन खड्डे, दोन्ही पाण्यानं काठोकाठ. भिंतीलगतच्या खड्ड्यात भूमीनाथ महाराज उभे, मधल्या खड्ड्यात त्या घरची सून गीतांजली.

"धरणीमाता पाप्याचं पाणी पीत नाही!" महाराज गरजले. "डायरेक्ट रिपोर्ट! नो टेन्शन!"

बघता बघता महाराजांच्या पायाखालचं पाणी गुडगुडत उतरलं. जयजयकार झाला. गीतांजलीचं पाणी मात्र जागचं हललं नाही.

त्या अंगणात पाऊस थांबला तरी पाणी साचून राहायचं. कढीपत्ता कुजला, अबोली गेली आणि त्याच पावसाळ्यात गीतांजलीच्या पोटातलं बाळही गेलं. सासूबाई वैजयंतींनी हे सगळं एकाच दोऱ्यात ओवलं. "पांढऱ्या पायाची," त्या आता सगळ्यांदेखत म्हणाल्या. "जमीन पण थुंकली हिच्यावर."

गीतांजलीनं नवऱ्याकडे पाहिलं. स्वानंद मोबाइलकडे बघत पुटपुटला, "उभी राहा ना जरा. आईचं समाधान होईल."

तिच्या अंगात अजून अशक्तपणा होता. खड्ड्याच्या कडा लोण्यासारख्या गुळगुळीत लागत होत्या. तिला आठवलं, काल महाराज मंत्र म्हणत अंगणभर त्रिशूळ खुपसत फिरले होते. मध्यभागी तो रुतायला तयार नव्हता. भिंतीजवळ मुठीपर्यंत गेला होता.

ती बाहेर आली. "महाराज, खड्डे बदलू या."

"देवाशी अदलाबदली? भस्म होशील!"

"होऊ दे."

शेजारच्या खदीजा मॅडम शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या पाण्याचा पाइप घेऊन आल्या आणि भिंतीजवळचा खड्डा भरला. गीतांजली त्यात उतरली. पाणी तसंच गुडगुडत पळालं.

"सून पण पवित्र निघाली की!" कोणीतरी हसलं. "आता तुमी उतरा, महाराज!"

महाराज गेटकडे सरकले. मघाशी पाया पडलेल्या हातांनीच त्यांना मधल्या खड्ड्यात ढकललं. ते चिखलात बसले. पाणी ढिम्म.

खदीजांनी भिंतीजवळची माती खुरप्यानं उकरली. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, वाळू. "घर बांधल्यावर उरलेलं डेब्रिज इथे पुरलंय. पाणी त्याच्या पोकळीत पळतं. मधे खाडीचा चिकट गाळ, त्यावर रोलरनं दाबलेला भराव. तिथून ते जाणार कुठे? त्रिशुळानं यांनी हेच चाचपून ठेवलं होतं."

"पण बाळ तर गेलंच ना हिचं," वैजयंतीबाई म्हणाल्या.

स्वानंदनं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. गीतांजलीनं चिखलाचे पाय धुतले, बॅग भरली आणि ती तुर्भ्याला माहेरी गेली, ती कायमचीच.

पुढे स्वानंदनं खदीजांच्या सांगण्यावरून कडक थर फोडला, मातीत शेणखत कालवलं, उतार धरून खडी भरलेला चर गटारापर्यंत नेला. आता पावसाचं पाणी तासाभरात निघून जातं. सासूबाई ते अंगण एकट्याच झाडतात.

तुमच्याही दारात पाणी साचत असेल. खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पाणी किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून बघा. तासन्‌तास हललं नाही, तर खाली घट्ट थर आहे. माती खरं तेच सांगते. फक्त त्या खड्ड्यात कुणाच्या लेकीला उभं करू नका.